पंपाचं सील तोडण्याआधी

कापूस वेचून घरात आला आणि जिनिंगचे काटे सुरू झाले, की यवतमाळच्या दारव्हा रोडवर, आर्णी रोडवर, पांढरकवडा रोडवर कुठल्याही गॅरेजपुढे थोडा वेळ उभं राहावं. दहा-बारा वर्षांची पिकअप घेऊन आलेला माणूस उतरतो आणि सांगतो, "मिस्त्री, गाडी ओढून नाही राह्यली." त्याला मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं. "पंप वाढवून देतो. मंग पाहा कशी पयते." तासाभरात पंपावरचं कंपनीचं सील तुटतं, डिझेलची मात्रा बांधून ठेवणारा स्क्रू अर्धा-पाऊण फेरा फिरतो, सायलेन्सरमधून काळ्या धुराचा लोट निघतो आणि गाडीवाला समाधानाने पैसे मोजतो. गाडी त्या दिवशी खरोखरच पळते, म्हणून तर हा समज इतका पक्का झाला आहे. मी त्या समजाविरुद्ध लिहितो आहे, कारण त्यापायी आपल्या जिल्ह्यात चांगली इंजिनं अकाली उघडली जातात आणि त्याचा खर्च ज्याच्या घरात कापसाखेरीज दुसरा पैसा नाही अशा माणसाच्या खिशातून जातो.

माझी २०११ सालची पिकअप मी जुनीच घेतली. पहिल्याच हंगामात ती चढावर दम सोडू लागली आणि मीही पंप वाढवून घेतला. दोन महिने मजेत गेले. मग एका दुपारी भरल्या गाडीने पांढरकवड्याकडे जाताना करंजीच्या अलीकडे तापमानाचा काटा वर गेला, बॉनेटखालून वाफ आली आणि हेड गॅसकेट उडालं. हेड काढल्यावर एका पिस्टनचा माथा भाजलेला दिसला. इंजिन परत बांधताना दुसऱ्या एका मिस्त्रींनी टर्बोपासून इनटेककडे जाणारा रबरी होज हातात धरून वाकवला. क्लिपखाली बोटभर चीर होती. टर्बो दाबून पाठवत असलेली हवा तिथून बाहेर जात होती. गाडी ओढत नव्हती ती एवढ्यासाठी, आणि आम्ही हवा कमी पडलेल्या इंजिनाला आणखी डिझेल पाजत होतो.

पंप वाढवणाऱ्यांचं पहिलं आणि सगळ्यात मोठं म्हणणं असं, की कंपनी इंजिन दाबून देते. आत ताकद शिल्लक असते, ती फक्त मोकळी करायची. या म्हणण्यात अर्धं सत्य आहे आणि ते मी नाकारत नाही. कारखान्यातून निघताना डिझेलची मात्रा धुराच्या सीमेच्या थोडी अलीकडेच बांधलेली असते. पण ती जागा कशासाठी सोडलेली असते, हा प्रश्न कुणी विचारत नाही. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि डिझेल इंजिनात इंधन व हवा मिसळायला क्षणाचाही अवधी नसल्याने प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त हवा द्यावी लागते. ती कमी पडली की उरलेलं इंधन काजळी होऊन बाहेर पडतं. आता यवतमाळ घ्या. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच, म्हणजे हवा चार-पाच टक्के आधीच विरळ. मे महिन्याच्या दुपारी पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, आणि वीस अंशाच्या हवेपेक्षा पंचेचाळीस अंशाची हवा साधारण आठ टक्के हलकी असते. त्यात फिल्टर अर्धा बुजलेला. कंपनीने सोडलेली ती शिल्लक आपल्या उन्हाळ्याने आधीच वापरून टाकलेली असते. जो स्क्रू आपण फिरवतो तो तिजोरीचं कुलूप उघडत नाही, कर्ज काढतो.

ते कर्ज फेडतो पिस्टन. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. सिलिंडरमधल्या ज्वाळेचं तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्या घरात जातं. तरी पिस्टन टिकतो, कारण ऑइल आणि पाणी ती उष्णता सतत ओढून नेत असतात आणि ज्वाळा वेळेत विझते. जास्तीचं डिझेल उशिरापर्यंत जळत राहतं, धूर गरम होतो, टर्बो आणि एक्झॉस्ट वॉल्व भाजतात, न जळलेलं डिझेल लायनरवरून खाली उतरून ऑइल पातळ करतं. डिपस्टिकवरचं ऑइल वाढलेलं दिसलं म्हणून खूश होणारा एक ड्रायव्हर मी पाहिला आहे. त्याच्या ऑइल चेंबरमध्ये डिझेल उतरत होतं.

कॉमन रेलच्या, म्हणजे डिझेलची मात्रा कॉम्प्युटर ठरवतो अशा, गाड्यांत स्क्रू नसतो, तिथे 'बॉक्स' लावतात. त्यांतले काही बॉक्स रेलच्या दाबाचा सेन्सर खोटं सांगेल अशी सोय करतात. दाब कमी आहे असं समजून कॉम्प्युटर तो वाढवत जातो. अवजार बदललं, चूक तीच राहिली.

दुसरं म्हणणं जास्त अवघड आहे, कारण ते अनुभवातून येतं. "तुम्ही कितीही सांगा, पंप वाढवला की गाडी पळते, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो." पळते, हे मी वर कबूल केलंच आहे. पण जुनी पिकअप ओढत नाही, याचा अर्थ तिची ताकद कमी पडली असा होत नाही. नवी असताना हीच गाडी याच घाटातून हाच माल घेऊन जात होती. मग मधल्या बारा वर्षांत ताकद गेली कुठे? या प्रश्नाला नेमकं उत्तर असतं, आणि ते बहुतेक वेळा इंजिनाच्या बाहेर सापडतं. पंप वाढवल्याने गळती बुजत नाही, गळती असलेल्या टाकीत नळ मोठा सोडल्यासारखं होतं.

ताकद कुठे जाते, हे मला आपल्याच जिल्ह्याच्या हवा-मातीतून सांगावंसं वाटतं.

जिनिंगच्या आवारात रांगेत रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा रेडिएटर सकाळी पाहा. पंख्याने ओढलेली रुईच्या तंतूंची पिंजण जाळीत बसलेली असते, वरून शेतरस्त्याची काळी माती आणि सोयाबीनचा कुटार. समोरून रेडिएटर स्वच्छ दिसतो, कारण घाण कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बसते. टॉर्च मागून धरून समोरून पाहिलं की किती उजेड आरपार येतो ते कळतं. वणीकडे कोळशाच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाड्यांत हीच जागा काळ्या भुकटीने लिंपलेली असते. पाण्याचा दाब मागून पुढे, हलका मारायचा. जोरात मारला की पाती मुडपतात आणि उरलेली वाटही बंद होते. रेडिएटरच्या आतली गोष्ट वेगळी. आपल्या बोअरचं पाणी जड आहे, चहाच्या भांड्याला पांढरा थर धरतं. तेच पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं तर नळ्यांत क्षार साचणारच. कुलंट महाग वाटतं त्याने निदान फिल्टरचं पाणी घालावं, पण कुलंटची बचत शेवटी हेडवर निघते.

या गरम होण्यावर गॅरेजांत एक रामबाण मानला जातो, थर्मोस्टॅटचा वॉल काढून फेकून देणे. मला याची पंपाइतकीच चीड येते. वॉल काढलेलं इंजिन हिवाळ्यात कामाच्या तापमानाला पोचतच नाही, थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, लायनर जास्त झिजतात. शिवाय ज्या इंजिनांत वॉल उघडताना बायपासची वाट बंद करतो, त्यांत तो काढल्यावर बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं, आणि उन्हाळ्यात गाडी उलट जास्तच तापते. वॉल खराब आहे का हे पाहायला पातेलंभर पाणी आणि एक शेगडी पुरते. पाणी उकळण्याआधी तो उघडला पाहिजे.

एअर फिल्टरबद्दल सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे एकच चूक करतात. कॉम्प्रेसरची हवा बाहेरून आत मारतात, धूळ कागदात आणखी रुतते, किंवा कागद फाटतो. फाटलेल्या फिल्टरमधून गेलेली काळ्या मातीची धूळ पिस्टन रिंगांना पॉलिश पेपरसारखी घासते. हवा नेहमी आतून बाहेर आणि लांबून मारायची, मग उन्हाकडे धरून पाहायचं. कुठे टाचणीएवढाही उजेड जास्त दिसला तर नवा घ्यायचा.

डिझेल. हंगामात ड्रममधून, कॅनमधून डिझेल भरलं जातं आणि त्यात पाणी असतं. फिल्टरखालचा निचरा-स्क्रू महिन्यातून एकदाही न उघडलेल्या किती तरी गाड्या मी पाहिल्या. लाइनला हवा धरली असेल तर गाडी सपाटीवर बरी आणि चढावर गचके देते. त्याची तपासणी सोपी. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीत वीतभर पारदर्शक नळी जोडायची आणि गाडी चालू ठेवून पाहायचं. बुडबुडे दिसले तर दोष टाकी आणि पंप यांच्या मधे आहे, बहुतेकदा एखाद्या तांब्याच्या वॉशरचा किंवा चिरलेल्या नळीचा. अशा गाडीचा पंप आपण का उघडतो?

आणि चाकं. हा दोष कुणाच्या मनातच येत नाही. मागच्या ब्रेकचा हँडब्रेक केबल गंजून अडकतो, ड्रममध्ये लायनिंग घासत राहतं, आणि इंजिन रात्रंदिवस ब्रेक लावलेली गाडी ओढत राहतं. दहा किलोमीटर ब्रेक कमी वापरत चालवा, थांबा, चारही चाकांजवळ तळहात नेऊन पाहा. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर ताकद तिथे चालली आहे. टायरचंही तसंच. कापसाची गाडी उंच दिसावी म्हणून मोठे टायर घालतात. टायरचा व्यास पाच टक्के वाढला की चाकावरची ओढ जवळपास पाच टक्के घटते, आणि स्पीडोमीटरही खोटं सांगू लागतो. क्लच घासत असेल तर इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी जागेवर राहते, तिथे पंप वाढवणं म्हणजे क्लच प्लेट जाळणं.

एवढं सगळं बघून झाल्यावर मग टॅपेटचं अंतर, नोझल, कॉम्प्रेशन, आणि सगळ्यात शेवटी पंप. कॉमन रेल असेल तर चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडायच्या आणि काही मिनिटांत कोणती बाटली लवकर भरते ते पाहायचं. सलाइनच्या नळ्या आणि पाण्याच्या बाटल्या एवढंच सामान लागतं. जी बाटली पुढे पळते तो इंजेक्टर थकला. चारही बदलायची गरज नसते, तरी आपल्याकडे चारही बदलले जातात.

इथे मला हमखास ऐकवलं जातं, की हे सगळं तपासायला पैसा आणि वेळ कुठून आणायचा, गाडी उभी राहिली तर भाडं बुडतं. हाच युक्तिवाद मला सर्वांत जास्त लागतो, कारण तो गरिबाच्या नावाने केला जातो. वर सांगितलेल्या तपासण्यांत नोझल आणि पंप सोडले तर विकत घ्यायचं जवळपास काहीच नाही. एक टॉर्च, पारदर्शक नळी, पातेलंभर पाणी, स्वतःचा तळहात. उलट हिशोब करून पाहा. गाडी लिटरमागे चौदा किलोमीटरची होती आणि पंप वाढवल्यावर अकराला आली असं धरू. दिवसाला शंभर किलोमीटर चालली तर रोज जवळपास दोन लिटर जास्त. वर्षाचे अडीचशे दिवस आणि नव्वद रुपयांचं डिझेल धरलं तरी सुमारे ४४ हजार रुपये वर्षाला धुरात गेले. त्यात उडालेलं हेड धरलेलं नाही. पंप वाढवणं स्वस्त वाटतं ते बिल दोन महिन्यांनी, दुसऱ्या गॅरेजमध्ये येतं म्हणून.

ईजीआरबद्दलही हेच चालतं. एक्झॉस्टमधला थोडा धूर परत इनटेकमध्ये सोडणारा हा वॉल्व बंद केला, पत्र्याची चकती घालून टाकली, की गाडी मोकळी होते असं म्हणतात. नीट चालणारा ईजीआर पूर्ण ॲक्सिलरेटरवर, म्हणजे घाटात भरली गाडी चढताना, बंदच असतो. जो बंदच आहे तो ताकद कशी खाईल? चकती घातल्यावर गाडी मोकळी झाली, तर वॉल्व काजळीने उघडा अडकला होता एवढंच सिद्ध होतं. तो काढून साफ करायला अर्धा दिवस लागतो. आणि काजळी एवढी का साचली, हे विचारलं तर आपण अनेकदा वाढवलेल्या पंपाशीच येऊन थांबतो.

मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा प्रश्न मात्र केवळ इंजिनाचा नाही, तो जिवाचा आहे, म्हणून तिथे मी कुठलीही तडजोड मान्य करणार नाही. मागे एक-दोन पाटे जास्त टाकायचे, फाळक्यांवर बल्ल्या बांधून जाळी लावायची आणि कापूस दुप्पट उंचीपर्यंत रचायचा, ही आपल्याकडची रीत आहे. समर्थन असं, की कापूस हलका, गाडी बसत नाही. कापूस हलका आहे, पण उंचावर आहे, आणि वळणावर गाडी पलटायला उंचीच पुरते. त्यातही ज्या गोष्टीची मला आश्चर्य वाटावं इतकी कमी चर्चा होते ती म्हणजे ब्रेक. अनेक पिकअपच्या मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला एक वॉल्व असतो. माल भरला की चासी खाली बसते, दांडी फिरते आणि वॉल्व मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी रिकामी असली की चासी वर असते आणि मागचा ब्रेक कमी मिळतो, म्हणजे रिकाम्या गाडीची मागची चाकं जाम होऊन घसरत नाहीत. जास्तीचे पाटे टाकले की दीड टन भरूनही चासी वरच राहते. वॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे. पुसद–वाशीम रस्त्यावरच्या खंडाळा घाटातून भरली गाडी उतरवताना मागच्या चाकांचा ब्रेक अर्धाच लागतो आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. पाटे बदलणाऱ्याने ती दांडी कधी पाहिलेली नसते, गाडीवाल्याला ती आहे हेच माहीत नसतं. पाटा वाढवल्याने ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक यांतलं काहीही वाढत नाही. तुटलेला पाटा बदला, बसलेला पाटा ठोकून घ्या, पण मोजून कंपनीने दिले तेवढेच ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीपत्रातल्या तपशिलाला बाधा येईल असा बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी गाडीमालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जादा मालासाठी वीस हजार आणि वर दर टनाला दोन हजार हा दंड कायद्यात लिहिलेला आहे. मी हे भीती घालायला सांगत नाही. अपघात झाला आणि विम्याचा माणूस गाडी पाहायला आला, की हेच तपशील आधी पाहिले जातात.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांना एक उत्तर देणं भाग आहे. हे सगळं ऐकून ते म्हणतात, मग एवढी कटकट कशाला, जुनी गाडी भंगारात काढा, नवी घ्या. पंधरा वर्षं झाली की गाडी कायद्याने बंदच होते, हेही छातीठोक सांगतात. दिल्ली परिसरासाठी दहा वर्षांच्या डिझेल गाडीचा जो नियम झाला, तो यवतमाळला लागू नाही. २०२३ पासून पंधरा वर्षांची मर्यादा सक्तीने लागली ती सरकारी गाड्यांना. आपल्या मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो, गाडी जुनी होते तशी त्याची फी वाढते, पण फिटनेस मिळाला तर गाडी चालते. आणि नव्या पिकअपचा हप्ता कोरडवाहू कापसावर कसा फेडायचा, हे सल्ला देणारा सांगत नाही. आपल्याच जिल्ह्यातून जाणाऱ्या यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावर शकुंतला रेल्वेगाडीला ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलं होतं आणि १९९४ पर्यंत ते चाललं. वाफेच्या इंजिनाचं बॉयलर ठरल्या दिवसांनी रिकामं करून आतून धुवावंच लागतं, आणि त्याचा सेफ्टी वॉल्व कधीही बांधून टाकायचा नसतो. डिझेलच्या पंपावरचं सील त्याच जातीचं आहे.

मिस्त्रींचा कान मी मानतो. नुसत्या आवाजावरून कोणता सिलिंडर मार खातो हे सांगणारी माणसं या जिल्ह्यात आहेत, आणि त्यांच्यापुढे माझं ज्ञान तोकडं आहे. पण पंप हजार स्ट्रोकला किती सीसी डिझेल देतो, हे कोणत्याही कानाला कळत नाही. ते टेस्ट बेंचवर मोजावं लागतं. नोझल कोणत्या दाबाला उघडतं आणि फवारा सरळ मारतं की थेंब टाकतं, हे हातपंपाच्या टेस्टरवर दिसतं. शासकीय आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकून बाहेर पडणारी मुलं हे मोजायला शिकलेली असतात. गॅरेजमध्ये आल्यावर त्यांना पहिल्या दिवशी स्क्रू फिरवायला सांगितलं जातं, आणि शिकलेलं तिथेच संपतं. गाडीवाल्याने पंप दुकानात दिला तर दोन गोष्टी मागाव्यात. उघडण्याआधीचे आकडे आणि बांधल्यानंतरचे आकडे, कागदावर. आणि पंपावर नवं सील.

माझ्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात तो कागद आहे. चार नोझलचे चार आकडे जवळजवळ सारखे, पंपाची मात्रा कंपनीच्या मापात, तारेत ओवलेलं शिशाचं सील. टर्बोचा होज नवा आहे आणि मागचा उजवा ब्रेक, जो दोन वर्षं घासत होता, आता मोकळा फिरतो. गेल्या हंगामात भरली गाडी खंडाळा घाटातून तिसऱ्या गिअरमध्ये चढली. आरशात मागे पाहिलं तर धूर नव्हता.